टाउन सेंटर किती वेळ गप्प होतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३८. शाळेत असताना संगणकाविरुद्ध ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (लाकूड, अन्न, सोनं अशी साधनं गोळा करून गाव आणि सैन्य उभारायचा संगणकावरचा खेळ) खेळायचे आणि सहसा हरत नसत. दीड वर्षापूर्वी त्याची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, घेतली आणि ऑनलाइन रँक्ड, म्हणजे हार-जितीवर रेटिंग बदलणाऱ्या मॅच, खेळायला लागले. रेटिंग ८५०च्या आसपास येऊन थांबलंय. स्वतःचं एपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या क्रिया, ४०-४५, समोरच्यांचं ८०-९०. वेग वाढावा म्हणून नवा माउस घेतला. रोज अर्धा तास नुसतं भराभर क्लिक करण्याचा सराव करतात. रोज रात्री चार-पाच मॅच होतात आणि अलीकडे उजवं मनगट दुखायला लागलंय. बिल्ड ऑर्डर, म्हणजे सुरुवातीला काय कोणत्या क्रमाने करायचं ते, पाठ आहे, पण समोरून पहिला हल्ला आला की सगळं विस्कटतं. कालच्या मॅचमध्ये हरले तेव्हा १,४०० लाकूड तसंच पडून होतं. प्रश्न तीन: या वयात हात मंद झालेत का? एपीएम कसं वाढवायचं? की हा नाद सोडून एखादा संथ खेळ धरावा?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एपीएमबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय आणि १,४०० लाकडाचा उल्लेख एका ओळीत, जाता जाता केलाय. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच ओळीत आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१,४०० लाकडात १७५ लाकडाचे आठ तबेले होतात. ६० लाकडाची तेवीस शेतं होतात. घर तर अवघ्या २५ लाकडाचं. म्हणजे तुम्ही हरलात तेव्हा तुमच्याकडे साधनं भरपूर होती, ती वापरायची राहून गेली. आता त्या मॅचमध्ये तुमचे हात दुप्पट वेगाने चालले असते असं समजा. लाकूड पडून राहिलं असतं की नसतं? मला वाटतं, राहिलंच असतं. तेवढा वेळ तुमची नजर त्या लाकडाच्या आकड्यावर गेलीच नव्हती, आणि जे दिसलंच नाही त्यावर हात काय करणार?

वयाचं आधी बोलून घेऊ, कारण ती भीती तुमच्या पत्रात सगळीकडे डोकावते. ती निराधार नाही. २०१४ साली सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ या अशाच प्रकारच्या खेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या मॅच तपासल्या. खेळाडूंची वयं १६ ते ४४. नजर नव्या जागी गेल्यावर पहिली क्रिया व्हायला किती वेळ लागतो ते त्यांनी मोजलं, आणि हा वेळ चोविसाव्या वर्षापासून हळूहळू वाढत जातो असं त्यांना दिसलं. बातम्यांमध्ये एवढाच भाग गाजला. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की वयाने मोठे खेळाडू ही कसर दुसरीकडे भरून काढतात: सोपे डावपेच निवडतात आणि खेळातल्या सोयी जास्त हुशारीने वापरतात. तुम्हाला उपयोगी पडेल तो हा दुसरा भाग. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ८५० रेटिंगला कोणीही सेकंदाच्या काही शतांशांमुळे हरत नाही. तिथली हार मिनिटांच्या हिशेबात होते.

तो हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही. टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत, एक व्हिलेजर (काम करणारा गावकरी) २५ सेकंदांत तयार करतं. नेहमीच्या सुरुवातीला तुमच्याकडे तीन व्हिलेजर आणि एक स्काउट, म्हणजे टेहळणी करणारा, असतो. २१ व्हिलेजर झाल्यावर फ्यूडल एजचं, म्हणजे पुढच्या युगात जाण्याचं, बटण दाबायचं ठरवलं, तर आणखी १८ हवेत, म्हणजे साडेसात मिनिटं. त्यात टाउन सेंटरमध्येच होणाऱ्या लूम या सुधारणेचे २५ सेकंद मिळवा. खेळातल्या घड्याळात ७ मिनिटं ५५ सेकंद झाले. टाउन सेंटर एकदाही थांबलं नाही तर बटण त्या क्षणी दाबलं जातं. तिथून फ्यूडल व्हायला १३० सेकंद, म्हणजे १० मिनिटं ५ सेकंदांना तुम्ही फ्यूडलमध्ये. (काही सिव्हिलायझेशनची, म्हणजे खेळायला निवडायच्या संस्कृतींची, सुरुवात वेगळी असते, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.) आता तुमची शेवटची मॅच उघडा आणि तेवढ्याच व्हिलेजरवर बटण कधी दाबलं गेलं ते बघा. समजा साडेनऊ मिनिटांना. मग मधला दीड मिनिटाहून जास्त वेळ टाउन सेंटर गप्प होतं. लढाई अजून सुरूही झालेली नाही आणि चार व्हिलेजर जन्मालाच आलेले नाहीत. पुढच्या हल्ल्याच्या गडबडीत आणखी अडीच मिनिटं गेली की तूट नऊ-दहा व्हिलेजरची होते. एक व्हिलेजर मिनिटाला ढोबळमानाने वीस साधनं आणतो. दहा व्हिलेजरचे दर मिनिटाला दोनशे. समोरच्याचं सैन्य अचानक कुठून आलं, हा प्रश्न मग पडायला नको.

या सगळ्यासाठी हाताला काम किती पडलं असतं, तेही मोजा. टाउन सेंटर निवडण्याची एक कळ, व्हिलेजरची एक कळ. २५ सेकंदांतून दोन कळा. रँक्ड मॅच १.७ पट वेगाने चालते, त्यामुळे तुमच्या मनगटावरच्या घड्याळात हे २५ सेकंद जेमतेम पंधरा भरतात. तरीही मिनिटाला आठच कळा झाल्या. तुमचं एपीएम ४५ आहे. वेग तुमच्याकडे आधीपासून पुरेसा आहे, तो भलतीकडे खर्च होतोय.

भलतीकडे म्हणजे कुठे? रिप्ले, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, बघा. मला जवळपास खात्री आहे की हल्ला आला त्या क्षणापासून तुमचा स्क्रीन लढाईवरून हललेला नसेल. चार घोडेस्वार लाकूडतोड्यांवर आले. तुम्ही एकेका व्हिलेजरला धरून पळवताय, परत फिरवताय, पुन्हा पळवताय. या दीड मिनिटात एपीएम बहुधा सगळ्यात जास्त दिसेल आणि नुकसानही सगळ्यात जास्त त्याच वेळात झालेलं असेल. हे मी अनुभवाने सांगतो. मी स्वतः कित्येक वर्षं असाच खेळलो. दोन व्हिलेजर वाचवल्याचा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदात टाउन सेंटरने न काढलेले सहा माझ्या लेखी नसायचेच.

समोरच्याच्या ८०-९०चा धसका तर मुळीच घेऊ नका. एकाच जागी सात वेळा उजवं क्लिक केलं तर सात क्रिया मोजल्या जातात, काम मात्र एकच होतं. मोठे खेळाडूही सुरुवातीच्या रिकाम्या मिनिटांत हात गरम ठेवायला उगाच कळा दाबत असतात. जानेवारी २०१९मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीने त्यांच्या अल्फास्टार या प्रोग्रॅमच्या ‘स्टारक्राफ्ट २’च्या मॅच दाखवल्या. त्यात त्याने टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असं हरवलं होतं. त्याचं सरासरी एपीएम होतं सुमारे २८०, आणि मानाचं ३९०. ही तुलना पूर्णपणे सरळ नाही, कारण त्या मॅचमध्ये प्रोग्रॅमला कॅमेरा, म्हणजे नकाशावर दिसणारा भाग, हलवावा लागत नव्हता आणि ऐन लढाईत त्याची अचूकता माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. माना पुढे कॅमेऱ्याचं बंधन घातलेल्या प्रोग्रॅमविरुद्ध एक मॅच जिंकलाही. पण कमी क्रिया करणारा जास्त क्रिया करणाऱ्याला हरवू शकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग करायचं काय? माझ्या दृष्टीने या प्रकारच्या खेळात वेगाचं मूळ एकच आहे, ते म्हणजे फेरी. ठरावीक गोष्टी, ठरावीक क्रमाने, पुन्हा पुन्हा बघणं. टाउन सेंटरमध्ये व्हिलेजर चालू आहे का. लोकसंख्येच्या आकड्यात जागा शिल्लक आहे का (ती घरं बांधून वाढते). वरच्या पट्टीत कोणतं साधन साचलंय. रिकामा व्हिलेजर कुठे उभा आहे का. सैन्याच्या इमारती चालू आहेत का. पाच नजरा. सरावाने तीन-चार सेकंदांत होतात. सुरुवातीला हे मोठ्याने म्हणा, खरंच म्हणा: ‘व्हिलेजर, घर, साठा, रिकामे, सैन्य.’ घरातल्यांना विचित्र वाटेल, पण तोंडाने म्हटलं की डोळे मागोमाग जातात. आठ-दहा दिवसांत ते अंगवळणी पडतं आणि मग बोलायची गरज उरत नाही.

हल्ला आला की या फेरीची खरी परीक्षा. त्यासाठी एक कडक नियम करा: लढाईकडे तीन सेकंद, मग एक फेरी, मग पुन्हा लढाई. ज्या व्हिलेजरवर घोडे आलेत तेवढ्यांनाच जवळच्या टाउन सेंटरमध्ये शिरवा आणि लगेच व्हिलेजरची कळ दाबा. घाबरून गावभर घंटा वाजवू नका. चार घोड्यांसाठी अख्खा गाव काम थांबवतो आणि समोरच्याला फुकटात हवं ते मिळतं. स्वतः हल्ला करायला निघालात तर सैन्य शत्रूच्या दारात पोहोचायच्या आधी घरं बांधायला टाका आणि रांगेत पुढचे स्वार लावा. एकदा भिडलात की ते आठवणार नाही. आणि हो, कधीकधी या नियमापायी दोन स्वार उगाच मरतील. मरू द्या. तुमच्या रेटिंगला दोन स्वारांपेक्षा चालू टाउन सेंटर कितीतरी मोलाचं आहे.

हातांचा भार कमी करणाऱ्या सोयी मात्र पुरेपूर वापरा. त्या अभ्यासातले चाळिशीकडे झुकलेले खेळाडू हेच तर करत होते. तुम्ही कोणत्या कळा वापरता ते पत्रात नाही, पण नवा माउस घेण्याची ओढ बघता बरंचसं काम माउसनेच होत असावं असा माझा अंदाज. टाउन सेंटर, व्हिलेजर, रिकामा व्हिलेजर आणि घर, एवढ्या चार गोष्टींच्या कळा डाव्या हाताखाली आणा. चारच. एका रात्रीत तीस कळा बदलणारे लोक आठवड्यात कंटाळून पुन्हा माउसवर येतात, असं मी खूपदा पाहिलंय. या चार बसल्या की सगळे तबेले किंवा सगळी धनुर्धारी केंद्रं एकदम निवडण्याची कळ घ्या. मग सैन्य वाढवायला स्क्रीन हलवावाच लागत नाही. टाउन सेंटरचा गॅदर पॉइंट, म्हणजे नव्या व्हिलेजरने जायची जागा, थेट झाडावर किंवा शेळ्यामेंढ्यांवर ठेवा, म्हणजे नवा व्हिलेजर आपणहून कामाला लागतो. घर बांधायला सांगताना शिफ्ट दाबून ठेवा आणि लगेच झाडावर उजवं क्लिक करा; बांधून झालं की तो स्वतःच लाकडावर परततो, तुम्हाला पुन्हा त्याला शोधत जावं लागत नाही. एका शिफ्टने नंतरची सगळी शोधाशोध वाचते, म्हणून ही सवय मला फार प्रिय आहे. शेतं आपोआप पुन्हा पेरण्याची सोय डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये आहे, ती चालू असल्याची खात्री करा. रांगेत दोन व्हिलेजर असू द्यात. एकदम पाच लावले तर सुरुवातीला २५० अन्न अडकून बसतं आणि फ्यूडल लांबतं, पण हल्ल्याच्या वेळी, फेरी चुकणारच असं दिसत असेल, तेव्हा पाच लावलेले मला चालतात.

वेगाचा आणखी एक भाग बोटांत नसून ठरवण्यात असतो. ‘आता काय?’ या प्रश्नावर घालवलेले चार सेकंद म्हणजे चार सेकंद हात रिकामे. बिल्ड ऑर्डर पाठ असूनही पहिल्या हल्ल्यानंतर तुमचं विस्कटतं, कारण पाठ केलेलं तिथेच संपतं. त्यापुढचा रस्ता तुम्ही मॅच चालू असताना शोधताय. म्हणून पुढच्या वीस मॅच एकच सिव्हिलायझेशन आणि एकच डाव घ्या. समजा स्काउट रश, म्हणजे लवकर स्वार काढून केलेला हल्ला. एक स्वार ८० अन्नाचा. अन्न कमी पडलं की लाकूड शेतात घालायचं, आणि किती शेतं झाली की कॅसल एज या त्यापुढच्या युगासाठी ८०० अन्न आणि २०० सोनं साठवायला लागायचं, हे कागदावर तीन ओळींत लिहून स्क्रीनशेजारी ठेवा. मॅचमध्ये ते बदलावंही लागेल. तरी ठरलेलं बदलणं हे कोऱ्या पाटीवरून सुरू करण्यापेक्षा खूप लवकर होतं.

सरावाबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित रुचणार नाही. तो अर्धा तासाचा क्लिकचा सराव आजच बंद करा. त्याने मनगट झिजतं आणि खेळातली एकही गोष्ट सुधारत नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा एकट्याने, संगणकाविरुद्ध सोप्या पातळीवर, खेळाचा वेग १.० ठेवून फक्त पहिली दहा मिनिटं खेळा. वाद्य शिकणारा आधी संथ लयीत बोटं बसवतो, तसंच हे. ७:५५च्या किती जवळ पोहोचलात एवढंच लिहून ठेवा. दहा-पंधरा सेकंदांच्या आत आलात की वेग १.७ करा. खेळातच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाची आव्हानं आहेत, त्यातलं सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचं आव्हान याच कामासाठी आहे आणि पदकही देतं.

रँक्ड मॅच रात्री दोनच. तिसऱ्या मॅचपासून डोकं फेऱ्या मारणं सोडून देतं आणि तुम्ही जुन्या सवयींचाच सराव करत बसता. वाचलेल्या वेळात हरलेल्या मॅचचा रिप्ले बघा, तोही अख्खा नको. टाउन सेंटर कधी थांबलं, आणि थांबलं तेव्हा तुम्ही कशाकडे बघत होता, एवढंच शोधा. हे शोधताना स्वतःवर रागावू नका. बहुतेकदा उत्तर निघेल ‘स्काउटकडे’ किंवा ‘लढाईकडे’, आणि पुढच्या मॅचमध्ये नेमकं तिथेच सावध व्हायचं हे कळेल. कळा बदलल्यावर पहिले दोन आठवडे रेटिंग खाली जाईल, सातशेपर्यंतही. तो काळ धरूनच चाला.

मनगटाचं वेगळं सांगतो, कारण मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. दुखणं थांबेपर्यंत रँक्ड खेळू नका. माउस घट्ट आवळून धरण्याची सवय असेल तर ती सोडा, हाताचा कोपर टेबलावर टेकलेला असू द्या, दोन मॅचच्या मधल्या वेळात उठून चाला. आठवडाभराच्या विश्रांतीनंतरही दुखत राहिलं, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. हे रेटिंगसाठी थांबवून ठेवण्यासारखं नाही. जोर लावून खेळल्याने हात वेगवान होत नाहीत, हे तरुण वाचकांनाही सांगतो. वीस वर्षांच्या मनगटालाही हे दुखणं होतं.

राहिला खेळ सोडण्याचा प्रश्न. दुसरा रिअल-टाइम खेळ, म्हणजे सगळे एकाच वेळी चाली करतात असा, धरलात तर हीच अडचण तिथेही तुमची वाट बघत असेल. ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये सुरुवातीलाच १२ कामगार असतात, नवा कामगार १२ सेकंदांत तयार होतो, आणि एक पायलॉन किंवा सप्लाय डेपो आठच जणांची सोय करतो, फेरी तिथे याहून जलद मारावी लागते. ते खेळणाऱ्या वाचकांनी वर ‘घर’ आहे तिथे पायलॉन वाचावं, बाकी सगळं तसंच लागू आहे. आळीपाळीने चाल करायचे संथ खेळ छानच असतात, मला स्वतःला आवडतात. पण ते आवडतात म्हणून खेळा, हात म्हातारे झाले या समजुतीने नको. आणखी एक मधला मार्ग आहे: सांघिक मॅच. तिथे मागच्या बाजूची जागा मिळाली तर पहिला हल्ला सहसा उशिरा येतो आणि फेरी अंगात मुरवायला निवांत वेळ मिळतो. तुम्हाला एकास एक जिंकण्याचीच ओढ असेल तर ही वाट थोडी लांबची पडेल, एवढं लक्षात ठेवा.

मनगट बरं झालं की एक मॅच खेळा. ती संपली की हार-जीत, एपीएम, समोरच्याचं रेटिंग, काहीही बघायच्या आधी शेवटच्या क्षणी किती लाकूड पडून होतं तो आकडा वहीत लिहा. दहा मॅचचे दहा आकडे झाले की मला पुन्हा पत्र लिहा. मी वाट बघतोय.